विद्यार्थ्यांकडून होणारी छळवणूक व सायबर छळवणूक : कायदेशीर तरतुदी आणि परभणी जिल्हा

प्रस्तावना

‘रॅगिंग’ हा शब्द आपल्याकडे प्रामुख्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांशी जोडला गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा विश्व जागृती मिशन खटल्यातील २००१ चा निर्णय, राघवन समितीचा २००७ चा अहवाल आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २००९ ची विनियमने यांमुळे उच्च शिक्षणात या प्रश्नाविषयी निदान एक निश्चित यंत्रणा उभी राहिली. प्रवेशाच्या वेळी घेतले जाणारे प्रतिज्ञापत्र, रॅगिंग प्रतिबंध समिती, भरारी पथक या गोष्टी प्राध्यापकांच्या परिचयाच्या आहेत. परंतु हाच विद्यार्थी महाविद्यालयात येण्यापूर्वी दहा-बारा वर्षे शाळेत असतो. तेथे त्याला मारहाण झाली, जातीवरून वा अपंगत्वावरून हिणवले गेले, त्याचे छायाचित्र विकृत करून भ्रमणध्वनीवर फिरवले गेले, तर कोणता कायदा लागू होतो, याचे उत्तर अनेक मुख्याध्यापकांना व प्राध्यापकांनाही सहज देता येत नाही.

याचे कारण केवळ अनास्था हे नाही. शालेय छळवणुकीसाठी भारतात स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जपान व फिलिपिन्स या देशांनी २०१३ मध्ये असे स्वतंत्र कायदे केले. भारतात मात्र संबंधित तरतुदी किमान सात-आठ अधिनियमांत विखुरलेल्या आहेत आणि त्यांपैकी काही परस्परांना छेदणाऱ्या आहेत. प्रस्तुत लेखात या तरतुदींचा महाराष्ट्राच्या व विशेषतः परभणी जिल्ह्याच्या संदर्भात आढावा घेण्यात आला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. छळवणूक व सायबर छळवणूक या संकल्पना स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्रात लागू असलेल्या कायदेशीर तरतुदींची व्याप्ती आणि मर्यादा तपासणे.
३. कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या कायदेशीर स्थितीकडे लक्ष वेधणे.
४. जिल्हा स्तरावर शक्य असलेल्या उपाययोजना सुचविणे.

संकल्पना

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार छळवणुकीची तीन लक्षणे आहेत : इजा करण्याचा हेतू, कृतीची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंमधील बळाची विषमता. दोन समान ताकदीच्या मुलांचे मैदानावरील भांडण ही छळवणूक नव्हे. एकाच मुलाला रोज, अनेकांनी मिळून, त्याला प्रतिकार करता येणार नाही अशा रीतीने त्रास देणे ही छळवणूक होय.

सायबर छळवणुकीत या तीनही लक्षणांचे स्वरूप बदलते. एकदाच टाकलेले छायाचित्र शंभर जणांनी पुढे पाठविले की पुनरावृत्ती आपोआप घडते. बळाची विषमता शारीरिक न राहता निनावीपणातून व प्रेक्षकांच्या संख्येतून निर्माण होते. शाळा सुटल्यावर त्रास थांबत नाही. तो घरात, रात्रीही सुरू राहतो. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरातील जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्याभरात सहाध्यायांकडून छळवणूक सहन करावी लागली होती.

मराठीत या संकल्पनेसाठी एकच रूढ शब्द नाही. चिडवणे, खोड्या, टिंगल, दादागिरी, धमकावणे असे अनेक शब्द आहेत आणि त्यांपैकी बहुतेक शब्द घटनेचे गांभीर्य कमी करणारे आहेत. ‘पोरांच्या खोड्या’ असे नाव दिले की तक्रार नोंदविण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे शब्दाची निवड हा येथे केवळ भाषेचा नव्हे, तर प्रशासकीय कृतीचाही प्रश्न ठरतो.

परभणी जिल्ह्याची पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम व पूर्णा असे ९ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार असून दोन तृतीयांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करतात. अशा कुटुंबांतील मुले एक तर शाळा सोडून फडावर जातात किंवा आजी-आजोबांकडे अथवा वसतिगृहात राहतात. पाठीशी पालक नसलेले मूल हे छळवणुकीचे सोपे लक्ष्य असते आणि त्याच्या वतीने लेखी तक्रार करणारेही कोणी नसते. दहावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूर व नांदेड येथे शिकवणी वर्गांच्या परिसरात खोली घेऊन राहणारा विद्यार्थीवर्गही याच प्रकारच्या एकाकीपणातून जातो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर गृहपाठ व्हॉट्सॲपवरून येऊ लागला. ज्या घरात पूर्वी मुलांच्या हाती भ्रमणध्वनी नव्हता, तेथेही तो आला. शाळा पूर्ववत सुरू झाल्या तरी वर्गांचे गट कायम राहिले आणि त्यांच्या शेजारी शिक्षक नसलेले मुलांचे स्वतंत्र गटही तयार झाले. ग्रामीण भागात भ्रमणध्वनी बहुधा वडिलांच्या वा थोरल्या भावाच्या नावावर असतो. त्यामुळे मुलाने केलेल्या कृतीची चौकशी प्रथम वडिलांपर्यंत पोहोचते.

मुलींच्या बाबतीत याचे परिणाम अधिक दूरगामी असतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झालेला होता. असे प्रमाण असलेल्या जिल्ह्यात एखाद्या नववीतील मुलीच्या नावाने बनावट खाते उघडले गेले, तर कुटुंबाची पहिली प्रतिक्रिया पोलिसांत जाण्याची नसून मुलीची शाळा बंद करण्याची असू शकते. त्रास देणारा शाळेत राहतो आणि त्रास सोसणारी घरी बसते. म्हणून येथे सायबर छळवणुकीचा प्रश्न शिस्तीच्या पलीकडे जाऊन मुलीच्या शिक्षणाच्या व बालविवाहाच्या प्रश्नाशी जोडला जातो.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९

या विषयावरील राज्यातील सर्वांत थेट कायदा म्हणजे महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. तो महाविद्यालयांपुरताच आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. अधिनियमातील व्याख्या मात्र व्यापक आहे. महाविद्यालय किंवा कोणत्याही नावाने ओळखली जाणारी, शिक्षण देण्याचे कार्य करणारी अन्य संस्था ही ‘शैक्षणिक संस्था’ ठरते. त्यात अनाथालय, वसतिगृह व शिकवणी संस्था यांचाही समावेश आहे. शाळा या व्याख्येतून वगळलेली नाही. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज वा संकोच वाटेल असे वर्तन म्हणजे रॅगिंग. चिडवणे, शिवीगाळ, धमकी व चेष्टा यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

या अधिनियमातील चार बाबी शिक्षकांनी विशेष लक्षात घ्याव्यात अशा आहेत. पहिली, रॅगिंग संस्थेच्या आत वा बाहेर झाले तरी तो गुन्हा आहे. त्यामुळे ‘हे शाळेच्या आवारात घडलेले नाही’ हा बचाव टिकत नाही आणि शाळेबाहेरून पाठविलेल्या संदेशांनाही ही तरतूद लागू करता येईल, असा अर्थ लावण्यास जागा आहे. दुसरी, लेखी तक्रार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही करू शकतो. ज्याचे पालक ऊसतोडीला गेले आहेत, त्याच्यासाठी शिक्षकाची तक्रार हाच मार्ग उरतो. तिसरी, तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करणे बंधनकारक आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवावी लागते. तथ्य न आढळल्यास तसे तक्रारदारास लेखी कळवावे लागते. चौथी, ही कार्यवाही करण्यात कसूर करणाऱ्या संस्थाप्रमुखाने रॅगिंगला प्रोत्साहन दिले असे मानले जाते व त्याला मूळ गुन्ह्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा होऊ शकते.

मुंबईच्या नायर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांच्या २०१९ मधील मृत्यूच्या प्रकरणात हा अधिनियम अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमासोबत लावण्यात आला. जातिवाचक अपमानाची जोड असलेली छळवणूक केवळ रॅगिंग म्हणून पाहता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. त्याचप्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुतः अपमान करणे हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे.

शिक्षण हक्क व बाल न्याय अधिनियमांशी येणारा छेद

१९९९ च्या अधिनियमानुसार दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकले जाते व पुढील पाच वर्षे त्यास अन्यत्र प्रवेश मिळत नाही. ही तरतूद प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत समजण्यासारखी आहे. परंतु सातवीतील बारा वर्षांच्या मुलास ती लागू करता येईल का? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्यासंबंधीचे धोरण बदलले, पण काढून टाकण्यावरील ही मनाई कायम ठेवली.

याच अधिनियमाचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस प्रतिबंध करते. त्याचा रोख मात्र शिस्तभंगाची कारवाई होऊ शकणाऱ्या प्रौढांवर, म्हणजे शिक्षक व कर्मचाऱ्यांवर आहे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा छळ केल्यास कलम १७ थेट उपयोगी पडत नाही. पालकांना कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणे मांडता येते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असून पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शिवाय हा अधिनियम ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे.

दुसरा छेद बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चा आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असल्याने छळ करणारा विद्यार्थीही कायद्याच्या दृष्टीने संरक्षणास पात्र बालकच असतो. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. त्यापुढील वयाच्या बालकांची प्रकरणे नियमित फौजदारी न्यायालयाऐवजी बाल न्याय मंडळापुढे जातात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अघोर स्वरूपाचा गुन्हा वगळता किंवा प्रौढांचा सहभाग असल्याशिवाय बालकाविरुद्ध प्राथमिक माहिती अहवाल नोंदविला जात नाही. माहिती ठाणे दैनंदिनीत घेतली जाते व बालकाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळास सादर होतो. मंडळ समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा असे आदेश देऊ शकते. शिवाय अधिनियमाच्या कलम २४ चा उद्देशच बालपणीच्या दोषसिद्धीमुळे पुढील आयुष्यात अपात्रता येऊ नये हा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, १९९९ च्या अधिनियमातील तातडीची चौकशी व संस्थाप्रमुखाचे उत्तरदायित्व शाळांना उपयोगी आहे. त्यातील कारावास व पाच वर्षांची प्रवेशबंदी मात्र अल्पवयीनांना सरसकट लावता येणार नाही. हा भेद न कळल्याने दोन टोकाच्या चुका संभवतात. एक, ‘मुलाचे आयुष्य बरबाद होईल’ या भीतीने तक्रारच दडपणे. दुसरी, कोणतीही चौकशी न करता शाळा सोडल्याचा दाखला हातात देणे. पहिल्या चुकीत पीडित बालकावर अन्याय होतो. दुसऱ्या चुकीत प्रश्न फक्त शेजारच्या गावातील शाळेकडे सरकतो.

सायबर छळवणूक आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये सायबर छळवणुकीची व्याख्या नाही. २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६-अ त्रासदायक व अपमानकारक संदेशांना गुन्हा ठरवीत होते. परंतु त्याची भाषा इतकी सैल होती की नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यानंतर केवळ ‘सतत अपमानकारक संदेश पाठविणे’ या कृतीसाठी त्या अधिनियमात स्वतंत्र कलम उरले नाही. आजही काही प्रशिक्षणवर्गांत व पुस्तिकांत कलम ६६-अ चा आधार दिलेला दिसला, तर तो चुकीचा समजावा.

सध्या कृतीच्या स्वरूपानुसार कलम निवडावे लागते. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरल्यास कलम ६६-क, तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ६६-ड, खाजगी अवयवांचे छायाचित्र संमतीविना घेतल्यास वा पसरविल्यास ६६-इ आणि बालकाचे लैंगिक चित्रण असल्यास ६७-ब लागू होते. धमकी, बदनामी व महिलेचा पाठलाग यांविषयीच्या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे कलम ३५१, ३५६ व ७८ मध्ये आहेत. बालकास आत्महत्येस प्रवृत्त करणे हा कलम १०७ नुसार अत्यंत गंभीर गुन्हा आहे.

लैंगिक आशय असल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम (पोक्सो), २०१२ सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बालकाच्या शरीराचे खरे किंवा बनावट चित्रण प्रसारित करण्याची धमकी देणे हे कलम ११ नुसार लैंगिक छळात मोडते. ‘बनावट’ या शब्दामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली छायाचित्रेही त्याच्या कक्षेत येऊ शकतात. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक असून कसूर करणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. अशा प्रकरणी गावातील प्रतिष्ठितांना बसवून आपसात तडजोड घडविण्याचा अधिकार शाळेला नाही.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेता येईल. दहावीतील मुलाने स्नेहसंमेलनातील छायाचित्र वापरून वर्गातील मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खाते उघडले. मजकूर केवळ थट्टेचा असेल तर १९९९ चा अधिनियम व कलम ६६-क यांचा विचार होईल. त्याच खात्यावर विकृत छायाचित्र आले तर पोक्सो व कलम ६७-ब लागू होऊन पोलिसांना कळविणे अनिवार्य होईल. दोन्ही बाबतींत मुलगा बाल न्याय मंडळापुढे जाईल आणि मुलीचे, तसेच मुलाचेही नाव उघड करणे हा गुन्हा ठरेल. शिक्षकांच्या गटात पडताळणीसाठी ते छायाचित्र पुढे पाठविणे हेही बेकायदेशीर आहे.

धोरणे व न्यायालयीन निर्देश

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ९ मार्च २०१५ रोजी आपल्या संलग्न शाळांना छळवणूक प्रतिबंधक समिती स्थापन करण्याचे निर्देश दिले. समितीत उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी व विधिज्ञ असावेत, असे त्यात म्हटले आहे. हे निर्देश राज्य मंडळाच्या शाळांना मात्र लागू नाहीत.

राज्यात तक्रारपेटीविषयीचे ५ मे २०१७ चे परिपत्रक व सखी सावित्री समितीविषयीचा १० मार्च २०२२ चा शासन निर्णय अस्तित्वात आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर येथील घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने या उपायांचा पुनरुच्चार करण्यात आला. या सर्वांचा मुख्य भर प्रौढांकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारावर आहे आणि तो आवश्यकच आहे. परंतु विद्यार्थ्यांमधील दैनंदिन छळवणूक त्यात दुय्यम राहते.

या दृष्टीने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेला निर्णय महत्त्वपूर्ण आहे. न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग व वसतिगृहे या सर्वांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, तसेच जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म इत्यादी कारणांवरून होणाऱ्या छळवणुकीच्या तक्रारीसाठी गोपनीय यंत्रणा यांचा त्यांत समावेश आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीचीही तरतूद आहे. योग्य कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

कनिष्ठ महाविद्यालय : दुर्लक्षित टप्पा

मराठवाड्यातील अनेक वरिष्ठ महाविद्यालयांच्या आवारातच अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. हा विद्यार्थी शिक्षण हक्क अधिनियमाच्या वयोमर्यादेबाहेर गेलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची विनियमने बारा वर्षांच्या शालेय शिक्षणापुढील शिक्षणासाठी असल्याने त्यांची यंत्रणा त्याच्यासाठी आखलेली नाही. तो मात्र अजून अल्पवयीन असतो. एकाच उपाहारगृहात पदवीच्या तृतीय वर्षातील एकवीस वर्षांचा तरुण व अकरावीतील सोळा वर्षांची मुलगी वावरत असतात. त्या तरुणाने तिचा छळ केल्यास तो प्रौढ म्हणून नियमित न्यायालयापुढे उभा राहील व लैंगिक आशय असल्यास पोक्सो लागू होईल. त्यामुळे १९९९ चा अधिनियम हाच दोघांना जोडणारा दुवा ठरतो आणि त्याची जबाबदारी थेट प्राचार्यांवर येते. महाविद्यालयाची रॅगिंग प्रतिबंध समिती केवळ पदवी वर्गांपुरती ठेवणे म्हणूनच कायदेशीरदृष्ट्या धोक्याचे व शैक्षणिकदृष्ट्या अपुरे आहे.

सूचना

१. वरिष्ठ महाविद्यालयांनी रॅगिंग प्रतिबंध समितीच्या कक्षेत कनिष्ठ विभाग व वसतिगृह औपचारिकपणे घ्यावे आणि त्यात कनिष्ठ विभागातील एका महिला शिक्षकाचा समावेश करावा.

२. प्रत्येक तक्रारीची तारीखवार नोंदवही ठेवावी. सात दिवसांची मुदत पाळली गेली किंवा नाही, हे त्यावरूनच सिद्ध होऊ शकते.

३. बोलता येते पण लिहिता येत नाही, अशा बालकाची तक्रार शिक्षकाने स्वतःच्या स्वाक्षरीने दाखल करावी.

४. सायबर प्रकरणी मजकूर पुसण्यापूर्वी खात्याचे नाव, दिनांक व वेळ यांची नोंद करण्यास पालकांना सांगावे. लैंगिक छायाचित्र असल्यास त्याची प्रत शिक्षकांनी स्वतःकडे घेऊ नये. ते काम पोलिसांचे आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ यांची माहिती दर्शनी भागात लावावी.

५. छळ करणाऱ्या अल्पवयीन विद्यार्थ्यासाठी समुपदेशन व पालकभेट यांची लेखी योजना असावी. पीडित विद्यार्थ्याची तुकडी वा शाळा बदलणे हा उपाय त्याने स्वतः मागितल्याशिवाय योजू नये.

६. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी छात्राध्यापकांच्या अभ्यासक्रमात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत या तरतुदींचा परिचय समाविष्ट करावा. दत्तक गावातील शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत पोहोचण्याचा हा सुलभ मार्ग आहे.

समारोप

महाराष्ट्रात कायदे नाहीत, असे म्हणता येत नाही. १९९९ चा अधिनियम पुष्कळ आधीपासून अस्तित्वात आहे, पोक्सोची तरतूद कठोर आहे आणि २०२५ च्या निर्णयाने संस्थांवर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. उणीव आहे ती या तरतुदी एकत्र आणून बालकाच्या वयानुसार त्यांचा क्रम लावणाऱ्या राज्यस्तरीय धोरणाची. असे धोरण येईपर्यंत निर्णय मुख्याध्यापक, प्राचार्य व वर्गशिक्षक यांच्या हाती राहतो. जिंतूर वा सोनपेठच्या एखाद्या शाळेत ‘सर, हे मला रोज चिडवतात’ असे सांगणारे मूल प्रत्यक्षात एका कायदेशीर प्रक्रियेची सुरुवात करीत असते. ते वाक्य ऐकणाऱ्या शिक्षकास याची जाणीव असणे, हीच सर्व तरतुदींच्या अंमलबजावणीची पहिली अट आहे.